विचारलं होतं का?

बँकेत रुजू झाले त्या दिवशी माझ्यापुढे जो पहिला कागद आला, तो पगाराचा नव्हता, गुप्ततेचा होता. साल १९८३. मी तेवीस वर्षांची. आमचे अकाउंटंट म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावणारे, तोंडात कायम सुपारी असलेले, पण कामात अतिशय काटेकोर असे गृहस्थ. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, “वाचा आणि मग सही करा. न वाचता सही करणारा माणूस बँकेच्या उपयोगाचा नाही.” मी वाचलं. बँकेच्या आणि तिच्या खातेदारांच्या व्यवहारांची माहिती, ज्याला ती मिळवण्याचा अधिकार नाही अशा कोणालाही मी देणार नाही, अशा अर्थाचा तो मजकूर होता. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी १९७० साली जो कायदा झाला, त्याच्या परिशिष्टातच हे प्रतिज्ञापत्र आहे, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मनातल्या मनात हसू आलं. दूधवाले, शिक्षक, किराणा दुकानदार; यांच्या पासबुकात अशी कोणती मोठी गुपितं असणार?

असतात. हे कळायला दोनेक वर्षं जावी लागली. मग काही सवयी अंगवळणी पडल्या. काउंटरवर कुणी शिल्लक विचारली तर ती मोठ्यानं सांगायची नाही, चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायची. लेजर उघडं टाकून जागेवरून उठायचं नाही. नवरा आला तरी बायकोच्या खात्याविषयी बोलायचं नाही. ‘खातं आहे’ असंही म्हणायचं नाही आणि ‘नाही’ असंही नाही. सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेसाठी इंग्लंडमधला १९२४ सालचा टूर्निए खटला आम्ही घोकला होता. टूर्निए नावाचा एक साधा नोकरदार. त्याच्या बँकेच्या मॅनेजरनं त्याच्या मालकाशी फोनवर बोलताना त्याच्या थकलेल्या रकमेविषयी आणि सट्टेवाल्याकडे गेलेल्या पैशांविषयी सांगून टाकलं, आणि टूर्निएची नोकरी गेली. न्यायालयानं सांगितलं, की खातेदाराची माहिती राखणं हे बँकेचं कर्तव्य आहे, आणि त्याला अपवाद चारच : कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचं स्वतःचं हित आणि खातेदाराची संमती. या चारांतला चौथा अपवाद मला सगळ्यांत सोपा वाटायचा. संमती म्हणजे काय, तर विचारायचं. त्यात कठीण काय आहे?

आता निवृत्तीनंतर हे पुराण काढायचं कारण असं, की गेली काही वर्षं मी दिवसाचे पाच-सहा तास संगणक आणि मोबाईल यांच्या संगतीत घालवते. कादंबऱ्या लिहिते, त्याच यंत्रावर. आणि मला सारखं जाणवतं, की जो कागद मी १९८३ मध्ये वाचून सही केला, तो आता जगातून नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी एक बटण आलं आहे. ते कोणी वाचून दाबत नाही. मीही नाही.

संगणक आमच्या बँकेत आला तो वाद घेऊनच आला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, तेव्हा युनियनच्या सभांना मीही जात असे. नोकऱ्या जाणार, ही भीती खोटी नव्हती. पुढे करार झाले, वाद निवले आणि नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं यंत्र येऊन बसलं. त्याच्यासाठी वेगळी खोली, त्या खोलीला वातानुकूलन. मॅनेजरसाहेब उकाड्यात आणि यंत्र गारव्यात, यावर महिनाभर विनोद झाले. खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवघराचा मान त्याआधी फक्त स्ट्राँगरूमला होता, आणि तिथंही चपला चालत.

त्या काळातच व्हायरस हा शब्द कानावर आला. हा रोग फ्लॉपीतून पसरतो, म्हणजे एकाची फ्लॉपी दुसऱ्यानं आपल्या यंत्रात घातली की लागण होते, एवढं आम्हाला सांगण्यात आलं होतं. १९९० मध्ये भारतातच पहिल्यांदा सापडलेला एक व्हायरस होता. त्याचं नाव जोशी. दरवर्षी ५ जानेवारीला तो जागा व्हायचा, यंत्र अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय पुढे काही करू द्यायचा नाही. आमच्या शाखेत दोन जोशी होते. त्यांच्या जन्मतारखा सर्व्हिस रेकॉर्डमध्ये गुपचूप तपासल्या गेल्या, हे आता सांगायला हरकत नाही.

त्याच्याही आधीचा, १९८६ सालचा ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. पी.सी. म्हणून जो संगणक घरोघर गेला, त्याचा हा पहिला गाजलेला व्हायरस. गंमत म्हणजे त्यात त्या भावांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही वैद्यकीय कामाचं सॉफ्टवेअर विकतो. लोक आम्हाला न विचारता त्याच्या नकला करतात. त्या नकला कुठवर जातात ते आम्हाला पाहायचं होतं. नकला जगभर गेल्या आणि त्यांच्याबरोबर हा रोगही. ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी मग दुसऱ्यांना न विचारता त्यांच्या यंत्रात प्रवेश केला. ही साखळी तेव्हा मला नुसतीच मजेशीर वाटली होती.

यंत्र दुरुस्त करायला पुण्याहून एक तरुण इंजिनीयर यायचा. एकदा आमच्या एका कारकुनाच्या हातून महिनाअखेरच्या व्याजाची फाईल पुसली गेली. तो रडकुंडीला आला. इंजिनीयरनं एक फ्लॉपी घातली, दोन-चार कळा दाबल्या. पडद्यावर पुसलेल्या फाईलींची यादी आली. प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर तेवढं गळालेलं. तो म्हणाला, “मॅडम, पहिलं अक्षर सांगा.” मी सांगितलं. फाईल परत आली, जशीच्या तशी. त्यानं मग समजावून सांगितलं. फाईल पुसली म्हणजे तिचा मजकूर जात नाही. अनुक्रमणिकेत तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथं एक खूण केली जाते आणि ‘ही जागा आता रिकामी समजा’ असं लिहिलं जातं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मूळ मजकूर तसाच पडून असतो. अमेरिकेतल्या पीटर नॉर्टन नावाच्या माणसानं हे ओळखून १९८२ मध्ये पुसलेलं परत आणणारं एक छोटं साधन तयार केलं आणि त्यावर मोठा उद्योग उभा केला.

मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या लेजरमध्येही खोडरबर चालत नसे. चूक झाली तर तिच्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा आणि बाजूला अधिकाऱ्याची आद्याक्षरं. चूकही वाचता आली पाहिजे, असा दंडक होता. फरक एवढाच, की लेजरमध्ये ते सगळ्यांना ठाऊक होतं. संगणकात माणसाला वाटतं, की आपण पुसलं.

अशा छोट्या साधनांना युटिलिटी म्हणतात. घरात जशी पक्कड, पाना, हातोडी असते, तशी ही यंत्राची पक्कड-हातोडी. फाईल दाबून लहान करणारं एक, कचरा काढणारं एक, व्हायरस शोधणारं एक. त्या काळी ही अवजारं विकत घ्यावी लागत किंवा ‘आधी वापरा, आवडलं तर पैसे द्या’ या बोलीवर मिळत. फाईली दाबून बांधणारं विनरार अजूनही त्याच बोलीवर मिळतं. चाळीस दिवसांची मुदत असते. ती संपली तरी ते चालतं. फक्त उघडलं की पैशांची आठवण करून देतं. वर्षानुवर्षं लोक ती खिडकी बंद करून पुढे जातात. उधारीवर चहा देणाऱ्या हॉटेलवाल्यासारखं ते बिचारं दर वेळी विचारतं. मला त्याचं कौतुक वाटतं ते याच कारणासाठी : ते विचारतं.

पुढे पक्कड फुकट झाली आणि तिथंच मेख होती. बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की फुकट काहीच नसतं. फक्त खर्च कुठल्या खात्याला नावे पडला ते शोधावं लागतं. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेच्या व्यापार आयोगानं मोबाईलचा टॉर्च करणाऱ्या एका अ‍ॅपवर कारवाई केली. कोट्यवधी लोकांनी ते घेतलं होतं. काम एकच, उजेड पाडणं. पण फोन कुठे आहे याची माहिती ते जाहिरातवाल्यांना पाठवत होतं. सगळ्यांत वाईट भाग पुढेच आहे. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की अटी समोर यायच्या, ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ अशी दोन बटणं असायची. आणि माणूस त्यांतलं एकही दाबायच्या आत माहिती निघालेली असायची. म्हणजे विचारण्याचं नुसतं नाटक. उत्तराची वाट पाहिलीच जात नव्हती.

२०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या लोकप्रिय साधनाच्या अधिकृत प्रतीतच चोरट्यांनी आपला कोड मिसळला. सुमारे २२ लाख ७० हजार लोकांनी ती प्रत घेतली. विश्वासानं झाडूवाला बोलावला आणि त्याच्या टोपलीत चोर बसून आला, असा प्रकार. इथं निदान कंपनीही फसली होती. पण अवास्टची गोष्ट वेगळी. ही कंपनी व्हायरसपासून आणि पाळत ठेवणाऱ्यांपासून संरक्षण देते म्हणून लोक तिचं सॉफ्टवेअर घेत. आणि लोक इंटरनेटवर कुठे कुठे जातात याची माहिती तिचीच एक उपकंपनी विकत होती. २०२० च्या जानेवारीत बातम्यांतून हे उघड झालं, उपकंपनी बंद करण्यात आली आणि २०२४ मध्ये त्याच व्यापार आयोगानं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारानंच घरातल्या हालचालींची वही बाजारात विकावी, तसं हे.

आपल्याकडे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. टिकटॉकचीच चर्चा जास्त झाली. पण ती यादी सावकाश वाचली तर त्यात फोन साफ करणारी, बॅटरी वाचवणारी, कागदाचा फोटो काढून देणारी आणि एका फोनवरून दुसऱ्यावर फाईली पाठवणारी अ‍ॅप्स दिसतात. शेअरइट आणि झेंडर गावागावांतल्या पोरांच्या फोनमध्ये होती. सिनेमे, गाणी, लग्नाचे फोटो त्यांतूनच इकडचे तिकडे होत. बंदीमागे सीमेवरचा तणाव होता हे खरं. पण सरकारनं दिलेल्या कारणांत एक कारण हेही होतं, की लोकांची माहिती परवानगीशिवाय देशाबाहेरच्या यंत्रांकडे पाठवली जाते अशा तक्रारी आल्या आहेत.

एवढं सगळं वाचून माहीत असलेल्या माणसानं शहाणं असायला हवं. दोन वर्षांपूर्वी माझा फोन मंदावला. मी कुठलंसं एक सफाईचं अ‍ॅप घेतलं, त्यानं जे जे विचारलं त्याला होकार देत गेले. रविवारी भाची आली होती. तिनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, “मावशी, याला तुझ्या सगळ्या लोकांचे नंबर बघायची परवानगी दिली आहेस. साफसफाईला तुझ्या मैत्रिणींचे नंबर कशाला लागतात गं?”

मला उत्तर देता येईना. शाखेत झाडणाऱ्या मावशींनी लॉकरच्या किल्ल्या मागितल्या असत्या, तर मी दिल्या असत्या का? आणि हे नंबर माझे नव्हतेच. ते माझ्या मैत्रिणींचे, जुन्या सहकाऱ्यांचे, डॉक्टरांचे, काही खातेदारांचे. त्यांनी ते मला विश्वासानं दिले होते. मी ते अंगठ्याच्या एका दाबानं देऊन टाकले. अकाउंटंटसाहेब हयात असते तर सुपारी थुंकून म्हणाले असते, “मॅडम, वाचलंत का?”

आता फाईली वाटण्याविषयी. मी इथं साधूचा आव आणणार नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही कॅसेटवरून कॅसेटवर गाणी उतरवत होतो. परीक्षेची पुस्तकं झेरॉक्स करून वापरत होतो. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग नावाच्या अमेरिकन कॉलेजवयीन मुलानं नॅप्स्टर काढलं, तेव्हा त्यानं एवढंच केलं, की आमच्या गल्लीतली कॅसेटची देवाणघेवाण जगाच्या पाठीवर नेली. रेकॉर्ड कंपन्यांनी खटले भरले आणि २००१ मध्ये ते बंद पडलं. पण सवय लागून गेली होती. पुढे काझा आलं. त्यात गाणी घेता घेता आपल्या संगणकातला एखादा कप्पा दुसऱ्यांसाठी उघडा ठेवावा लागे. कोणता कप्पा, हे मात्र पुष्कळांना कळत नसे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा जणांना विचारलं, की या संगणकातलं काय काय लोकांना दिसतं आहे? खरं उत्तर होतं, सगळंच. ते फक्त दोघांना सांगता आलं. गाणी घ्यायला गेलेला माणूस स्वतःची पत्रं आणि हिशोब रस्त्यावर मांडून बसला होता.

आज काझा कोणाला आठवत नाही. पण परवा मी झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. “काकू, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, प्रिंट मारून देतो,” असं तो मुलगा म्हणाला. त्याच्या पडद्यावर माझ्या आधीच्या गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, एका बाईचा सोनोग्राफीचा अहवाल, कुणाचं तरी फारकतीचं कागदपत्र, असं सगळं ओळीनं दिसत होतं. मुलगा सज्जन होता. त्याच्या मनात काहीही नव्हतं. पुसायचं असतं, हेसुद्धा नव्हतं.

२०२१ मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, माझी बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक कादंबरी पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली. कुणीतरी एकेका पानाचा फोटो काढून ती तयार केली होती. काही पानांवर त्या माणसाचा अंगठाही आला आहे. अकराशे प्रतींची ती आवृत्ती खपायला आठ वर्षं लागली होती. पीडीएफ आठ दिवसांत त्याहून जास्त लोकांकडे गेली असेल. मी फार चिडले. १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून बसले. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क राहतो, इथं तर मी जिवंत आहे! एका गटावर मी लांबलचक संदेश लिहिला. त्यात एक वाक्य असं होतं : ‘पुस्तक माझं आहे, वाटण्याआधी मला विचारलं होतं का?’

काहींनी माफी मागितली. एका शिक्षकानं लिहिलं, ‘मॅडम, आमच्या तालुक्याचं वाचनालय वर्षभर बंद आहे. पुस्तक मागवायला कुरियर येत नाही. आम्ही काय करायचं?’ त्यावर मी गप्प बसले. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. वाचनालय म्हणजे तरी काय, एक प्रत चाळीस जणांनी वाचणंच. फक्त तिथं ती एक प्रत कुणीतरी विकत घेतलेली असते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एक फोन आला. बाईचा आवाज. “तुम्ही अमुक गावच्या बँकेत होतात ना मॅडम? नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला?” मी हो म्हणाले. “तुमची कादंबरी मला मोबाईलवर आली. त्यातली डब्यात पावती लपवणारी बाई आहे ना, ती माझी आई.”

ती खातेदार मला लख्ख आठवत होती. दर बाजाराच्या दिवशी यायची, पदराच्या गाठीतून पैसे काढायची. अंगठा उठवायची. मुदत ठेवीची पावती हातात पडल्यावर म्हणाली होती, “बाई, घरी कागुद धाडू नका.” मी खात्यावर तशी नोंद करून घेतली. वर्षभरानं तिचा नवरा येऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. “आमच्या मंडळींचं खातं आहे का इथं?” मी म्हणाले, “तुमच्या स्वतःच्या खात्याचं काही काम असेल तर सांगा.” तो बराच वेळ बघत राहिला आणि गेला. त्या प्रसंगाचा मला अभिमान होता. इतका, की पुढे मी तो कादंबरीत लिहिला. नाव बदललं, गाव बदललं, धंदा बदलला. डबा मात्र तसाच ठेवला, कारण तो फार चांगला होता.

फोनवरची मुलगी परिचारिका आहे. ते पैसे तिच्या शिक्षणाचे होते. आईनं ते भावांपासूनही लपवले होते. आई जाऊन दहा-बारा वर्षं झाली. घराच्या वाटणीचं बोलणं चालू होतं, आणि बहीण म्हणून ती राजीखुशीनं हक्कसोडपत्र करून देणार होती. “दादा पुस्तक कधी वाचत नाही मॅडम. पण मोबाईल वाचतो. गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं. त्यानं डबा ओळखला. आता म्हणतो, आईनं तुला चोरून किती दिले ते आधी हिशोबात धर.” हे ती रडत सांगत नव्हती. मग तिनं विचारलं, “एक विचारू? हे लिहिण्याआधी आईला विचारलं होतं का?”

मी म्हणाले, “नाही.”

“तिला वाचता येत नव्हतं. त्यामुळे कळणार नाही असं वाटलं असेल तुम्हाला,” ती म्हणाली. त्यात कडवटपणा नव्हता आणि म्हणूनच मला उत्तर सुचलं नाही. मला खरोखर तसंच वाटलं होतं. नवऱ्याला मी दाद दिली नाही, कारण मी सही केलेला कागद होता. कादंबरी लिहिताना माझ्यापुढे कुठलाच कागद नव्हता. बारा वर्षं मी ते गुपित छापील पुस्तकात ठेवलं आणि अकराशे प्रतींच्या गर्दीत ते सुरक्षित आहे असं समजले. इंजिनीयरनं पुसलेल्या फाईलीचं सांगितलं होतं तेच हे. नाव पुसलं की माणूस पुसला, असं मला वाटलं. ज्याला पहिलं अक्षर ठाऊक होतं, त्यानं सगळं परत वाचलं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये संसदेनं माहिती संरक्षणाचा कायदा केला. संमती मोकळ्या मनानं दिलेली, नेमक्या कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली हवी, असं त्यात म्हटलं आहे. सफाईच्या अ‍ॅपला लोकांचे नंबर कशाला, हा माझ्या भाचीचा प्रश्नच कायद्याच्या भाषेत आला आहे. हे चांगलंच झालं. पण याच कायद्यानं माणसाच्या वैयक्तिक आणि घरगुती वापराला आपल्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. ठेवावंच लागणार, घराघरांत पोलीस कोण पाठवणार? म्हणजे नात्यातल्या गटावर कुणाच्या आजारपणाचा अहवाल पुढे ढकलायचा की नाही, हे शेवटी आपल्यावरच आहे. मोठ्या कंपन्यांना जाब विचारायलाच हवा; त्यांची लबाडी आमच्या चुकीहून कितीतरी मोठी आहे. परंतु ज्यानं आपल्या ओळखीच्या माणसाला कधी विचारलं नाही, त्याच्या जाब विचारण्याला फारसं वजन राहत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

मी नंतर काय केलं? ते अ‍ॅप काढून टाकलं. गेलेले नंबर गेले. झेरॉक्सवाल्या मुलाला संध्याकाळी दुकान बंद करताना पुसायला शिकवलं. आठवड्यातून दोनदा तरी तो पुसतो. कादंबरीच्या नव्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. पीडीएफ मात्र जुनीच फिरते आहे, ती माझ्या हातात नाही. आणि त्या भावाला एक पत्र लिहिलं, हातानं. बँकेतलं काहीच सांगितलं नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढंच लिहिलं, की कादंबरीतली माणसं लेखक आपल्या सोयीनं घडवतो. तिच्यावरून घरातला हिशोब करू नका. उत्तर आलं नाही. गेल्या भाऊबीजेला तो आला होता, असं ती म्हणाली. माझ्या पत्रामुळे आला असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

हा लेख लिहिण्याआधी मात्र तिला विचारलं. फोनवर पूर्ण वाचून दाखवला. तिनं दोन गोष्टी बदलायला सांगितल्या, त्या बदलल्या आहेत. तेव्हा इथं जो डबा लिहिला आहे तो डबाच असेल, असं वाचकांनी समजू नये. आणखी काही सांगायचं आहे का, असं मी विचारलं. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “आईनं जे केलं ते चोरून केलं, पण चांगलं केलं. एवढं लिहा.”

ते लिहिलं आहे.